सल्ला: मुलांनी स्पाचं पॅकेज दिलंय, पण पाय निघत नाही

भुसावळहून ५६ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. यजमान रेल्वेत, निवृत्तीला वर्ष उरलंय. मुलगा-सून पुण्याला. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून त्यांनी नाशिकजवळच्या एका धरणाकाठच्या रिसॉर्टमध्ये तीन रात्रींचं स्पा पॅकेज घेऊन दिलंय. मेचा शेवटचा आठवडा, शुक्रवार ते सोमवार, दोघांना मिळून सहा ट्रीटमेंट, ५२ हजार रुपये. यजमान म्हणतात, एवढ्यात घराला एसी आला असता. ताईंना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, गुडघे दुखतात. यजमानांना बीपीची गोळी चालू आहे. घरी ८१ वर्षांच्या सासूबाई. नणंद आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येते आणि पंधरा दिवस राहून जाते. ती गेल्यावर सासूबाईंजवळ कोण, हा घोर. निघण्याआधी कुरडया-बिबडे उरकायचे, चार दिवसांच्या दशम्या-चटण्या करून ठेवायच्या, असं त्यांनी ठरवलंय. परक्या बाईकडून अंगाला तेल लावून घेण्याचा संकोच वाटतो, तो वेगळाच. त्या विचारतात: जावं, की पैसे परत मागावेत? आणि तिथल्या ‘तीन दिवसांच्या पंचकर्मा’ने गुडघे सुटतील का? शेवटी एक ओळ आहे: ‘खरं सांगू, मला कुणीतरी गरम पोळी ताटात वाढावी, एवढंच वाटतं.’

ताई, जा. पैसे परत मागू नका. मात्र मुलांनी ठरवलेल्या तारखांना जाऊ नका आणि त्या सहाच्या सहा ट्रीटमेंटही घेऊ नका. निघण्याआधी चार दिवसांचा स्वयंपाक तर मुळीच करून ठेवू नका.

आधी या शेवटच्या गोष्टीबद्दल, कारण सगळी सुटी तिथेच नासते. तीन दिवस बाहेर राहता यावं म्हणून आधीचा आठवडा दुप्पट राबायचं, हा ओव्हरटाइम झाला. असं दमून गेलेलं माणूस पहिला दिवस झोपून काढतं, दुसऱ्या दिवशी जरा उमलतं आणि तिसऱ्या दिवशी त्याला परतीचे विचार लागतात. कुरडयांचा गहू भिजत घातला की तीन दिवस रोज पाणी बदला, मग चीक काढा, शिजवा, पाडा, वाळवा. पाच-सहा दिवस त्यात अडकतात. खानदेशात पाऊस जूनच्या मध्याला येतो, तोवर उन्हाला तोटा नाही. एखादा वळीव आला तर एक घाणा आत उचलावा लागेल, तेवढंच. कुरडया परत आल्यावर करा. नाहीतर यंदा निम्म्याच करा.

मी तुम्हाला एक विचारते. तुम्ही थकलात त्या कशाने? पत्रात गुडघ्यांबद्दल दोन ओळी आहेत. पहाटेपासून कोणाला काय हवंय, पाणी आलं का, औषध दिलं का, कूलर भरला का, याबद्दल दोन पानं आहेत. हा शीण तेलाने उतरत नाही. ज्या तासांत तुमच्यावर कसलीच जबाबदारी नसते, त्या तासांनी तो उतरतो. म्हणून पॅकेजमध्ये किती ट्रीटमेंट आहेत, यापेक्षा मोकळे तास किती, ते मोजा. खोली दुपारी दोनला मिळते आणि निघताना अकराला सोडावी लागते. म्हणजे तीन रात्रींचे हातात येतात ६९ तास. दोघांना एका वेळी एकाच माणसाची जागा मिळाली, तर एकाचं होईपर्यंत दुसरा थांबतो. प्रत्येक ट्रीटमेंटला तयारी, ती स्वतः, अंघोळ आणि केस वाळवणं धरून दोन तास जातात. असे सहा वेळा दोन तास घड्याळाकडे बघण्यात घालवले, तर घरच्यासारखीच धावपळ झाली.

आता तारखा. २५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. त्या दिवसांत भुसावळहून निघणं म्हणजे प्रवासातच निम्मं अंग गळून जाणं. त्यातून शुक्रवार ते सोमवार म्हणजे रिसॉर्टची सर्वांत गजबजलेली वेळ. शाळांना सुटी, तरणतलावात पोरांची गर्दी, आणि मे म्हणजे लग्नसराई. हल्ली तळ्याकाठची रिसॉर्टं लग्नासाठी हिरवळीसकट भाड्याने जातात. तुमच्या खिडकीखाली रात्री अकरापर्यंत डीजे वाजत असेल, तर कपाळावर तेलाची धार धरण्याचा, त्या शिरोधारेचा, काय उपयोग? फोन करून स्पष्ट विचारा: ‘या तारखांना तुमच्याकडे लग्न किंवा कंपनीचा कार्यक्रम आहे का?’ तोंडी ‘नाही मॅडम’ एवढ्यावर थांबू नका, व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लिहून घ्या. सोमवार ते गुरुवार मागा. मधल्या वारांचं भाडं बहुधा कमी असतं. भेटीची रक्कम ठरलेली असेल, तर फरकाच्या बदल्यात चांगली खोली किंवा जेवण मिळतं का, ते मुलालाच विचारायला सांगा. रात्रीचं भाडं साडेसात हजारांच्या वर असेल, तर त्यावर १८ टक्के कर लागतो, तेव्हा ५२ हजारांत कर धरलेत की नाहीत, हेही त्याच फोनवर कळून घ्या.

तळ्याकाठी गार वाटेल, या समजुतीबद्दल थोडं बोलायला हवं. भुसावळ समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटरवर, नाशिक सुमारे ६०० मीटरवर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे उंचीमुळे मिळणारा फरक अडीच अंशांचा. दुपारी तिथेही ऊन रणरणतं. खरा फरक रात्रीचा. आपल्याकडे मेमध्ये रात्री अकराला भिंतीतून धग येत असते. नाशिककडे पहाटे पांघरूण ओढावंसं वाटतं. तेव्हा दुपारी अकरा ते पाच खोलीत झोपायचं आणि सकाळ-संध्याकाळ बाहेर पडायचं, असाच बेत करा. एसीचा गारवा तुम्हाला घरीही मिळेल. मोकळ्या हवेतली गार पहाट भुसावळला मेमध्ये मिळत नाही.

आणि पाण्याचं. जाहिरातीतले फोटो ऑगस्ट-सप्टेंबरचे असतात, धरण तुडुंब भरलेलं. मेअखेर पाणी वर्षातलं सर्वांत खाली असतं. काठावरची खोली म्हणून घेतली आणि समोर दोनशे पावलं भेगाळलेला गाळ निघाला, असं दरवर्षी कित्येकांचं होतं. जलसंपदा विभाग धरणांच्या साठ्याची टक्केवारी रोज देतो, वर्तमानपत्रातही ती येते, ती पाहा. आणि रिसॉर्टकडून ‘याच आठवड्यात, आमच्याच खोलीच्या गॅलरीतून काढलेला’ फोटो मागा. खोलीचं तोंड कुठे, तेही विचारा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या खोलीतून सूर्यास्त छान दिसतो, पण मेमध्ये ती दुपारी तीनपासून तापते. पूर्वेची घ्या, सकाळचा चहा गॅलरीत होईल. नावेत बसायचं तर सकाळी सात ते नऊ, लाइफ जॅकेट घालून. दुपारनंतर वळवाचं वारं उठतं. धरणाच्या पाण्यात पोहायला उतरू नका. गाळ कुठे खोल आहे ते काठावरून दिसत नाही.

पाणी भरलेलं बघायचीच हौस असेल, तर भेट सप्टेंबर-ऑक्टोबरात ढकला. तेव्हा काठ हिरवा असतो, गर्दी कमी. पण तुमचा जीव उकाड्याला कंटाळलाय आणि सप्टेंबरात गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. तुम्ही पुन्हा ‘आता नको’ म्हणाल, अशी मला भीती वाटते. म्हणून माझं मत उन्हाळ्यातलंच.

कधी? नणंदबाई आखाजीला माहेरी आलेल्या असतील, तेव्हा. सासूबाईंजवळ त्यांची लेक असेल, याहून चांगली सोय नाही. पण आखाजी हा माहेरवाशिणीच्या विसाव्याचा सण आहे. झोका खेळायला आलेल्या लेकीच्या हातात पोळपाट देऊन तुम्ही निघून जाणं बरोबर होणार नाही. म्हणून त्या तीन दिवसांचा दोन वेळचा डबा मेसमधून लावा आणि धुणं-भांड्याच्या बाईंना त्या दिवसांचे जास्तीचे पैसे द्या. ५२ हजारांच्या भेटीशेजारी हा खर्च फार नाही, तो यजमानांनी करावा. नणंदबाईंना आधी विचारा, ठरवून मग सांगू नका. आणि त्यांनाही असे तीन दिवस मिळावेत, याचा विचार पुढच्या वर्षी तुम्ही करा.

नळाला पाणी येण्याचा दिवस या तीन दिवसांत येणार नाही, असं बघा. आला तर टाकी भरायला शेजारचा मुलगा सांगून ठेवा. सासूबाईंच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या पुड्यांत तारीख लिहून ठेवा. ओआरएसची चार पाकिटं घरात असू द्या. एक मोठं पाकीट लिटरभर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात टाकून नाही. म्हातारं माणूस उन्हाने गळून पडलं, बोलणं असंबद्ध झालं, कातडी गरम लागली, तर पन्हं पाजत बसायचं नाही, ओल्या फडक्याने अंग पुसत दवाखान्यात न्यायचं. हे नणंदबाईंना सांगून ठेवा आणि मग दिवसातून एकदाच, संध्याकाळी फोन करा.

आता स्पा. तीन दिवसांत पंचकर्म होत नाही. त्यात आधी काही दिवस स्नेहपान, म्हणजे औषधी तूप पिणं, मग अंगाला तेल आणि वाफ, मग वमन-विरेचनासारखं (उलटी-जुलाब करवण्याचं) मुख्य कर्म आणि नंतर पेजेपासून हळूहळू जेवणावर येण्याचे दिवस. हे वैद्यांच्या देखरेखीखाली दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. रिसॉर्टमध्ये त्या नावाखाली बहुतेक वेळा अभ्यंग (अंगभर तेलाचा मसाज), वाफ आणि शिरोधारा मिळते. ती सुखाची असते, औषध म्हणून तिच्याकडे बघू नका. गुडघ्यांची झीज तेलाने भरून येत नाही. जानुबस्तीत उडदाच्या पिठाचं कडं गुडघ्यावर बसवून त्यात कोमट तेल अर्धा-पाऊण तास ठेवतात. त्याने आखडलेपण काही दिवस कमी वाटतं. टिकाऊ फरक मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाने आणि वजनाने पडतो, ते भुसावळच्या अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा. आणि ‘शरीरातली विषद्रव्यं बाहेर काढतो’ असं कोणी सांगितलं, तर लक्ष देऊ नका. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात.

तुमच्या संकोचाबद्दल. तो अस्थानी नाही, पण खोलीत काय होतं हे माहीत असलं की बराच कमी होतो. आधी एक फॉर्म भरून घेतात. त्यात मधुमेह, गोळ्या, जुनी ऑपरेशनं सगळं लिहा. नियम असा की बाईला बाईच तेल लावते. फोनवरच ‘बाईच हवी’ हे नक्की करा. कपडे बदलताना ती बाहेर जाते. वापरून फेकायची अंतर्वस्त्रं देतात. स्वतःची ठेवायची असतील तर ठेवा, तेलाने खराब होतील अशीच जुनी न्या. अंगावर चादर असते आणि ज्या भागाला तेल लावायचं तेवढाच उघडा करतात. पोट, छाती, मांड्या नको असतील, तर सुरुवातीलाच सांगा. मध्येच ‘हात हलका ठेवा’ किंवा ‘थांबा’ म्हणालात, तर कोणी वाईट मानत नाही. एवढं वाचूनही नको वाटलं, तर फक्त पाय आणि डोक्याचं घ्या. कपडे अंगावर असताना, खुर्चीत बसून होतं.

तुमच्या प्रकृतीला जपायचं ते असं. मधुमेहात तळपायाची जाणीव कमी होत जाते, चटका बसलेला कळत नाही. त्यामुळे गरम दगडांचा मसाज नको, पाय बुडवायचं गरम पाणीही नको. तेल किती गरम आहे ते आधी मसाज करणाऱ्या बाईंच्या मनगटावर बघायला सांगा, मग तुमच्या. उपाशीपोटी जाऊ नका आणि भरल्या पोटीही नको. नाश्त्यानंतर दीड-दोन तासांनी बरं. आधी साखर मोजा. ७० च्या खाली उतरली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांसाठी आणखी एक: टोचलेल्या जागी मसाज किंवा वाफ नको, तिथलं रक्त वाढलं की इन्सुलिन लवकर शोषलं जातं आणि साखर झपकन पडते.

यजमानांनी सकाळी बीपी मोजावं. वरचा आकडा १६० च्या पुढे असेल, तर त्या दिवशी वाफ, सॉना, गरम पाण्याचं टब काहीही नको. आकडा ठीक असला तरी वाफ आठ-दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. वाफेने रक्तवाहिन्या सैल होतात, बीपी उतरतं, त्यात गोळी असतेच. उठून उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. वाफेची पेटी घ्यावी, डोकं बाहेर राहतं. वाफेची बंद खोली टाळावी. उठताना आधी दोन मिनिटं बसावं, मग उभं राहावं. ज्यांच्या पायात कधी रक्ताची गुठळी झाली आहे, जे रक्त पातळ होण्याची गोळी घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायांचा मसाज घेऊ नये, आणि जोर लावून केलेला डीप टिश्यू तर नाहीच. फुगलेल्या शिरांवर हात नको.

स्पामध्ये तेलकट पायांनी फरशीवरून घसरण्याचा धोका असतो. गुडघेदुखीवाल्यांनी हे फार जपावं. टेबलावरून उतरायला पायरी मागा, तळवे पुसून घ्या, रबरी चप्पल घाला, अंघोळीला स्टूल ठेवायला सांगा. झोपवून तेल लावायच्या लाकडी द्रोणीपेक्षा गादीचं टेबल घ्या, द्रोणी गुडघ्यांना आणि कंबरेला टोचते. उताणं झोपल्यावर गुडघ्यांखाली आणि पालथं झोपल्यावर घोट्यांखाली लोड ठेवायला सांगा. पालथं झोपवत नसेल, तर कुशीवर करतात.

सहापैकी मी तुमच्यासाठी दोन ठेवीन, यजमानांसाठी एक. पोचल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला ६० मिनिटांचं अभ्यंग, हलक्या हाताने. तिसऱ्या दिवशी शिरोधारा किंवा जानुबस्ती, दोन्ही नाही. शिरोधारेत कपाळावर चार बोटं उंचीवरून कोमट तेलाची धार अर्धा तास धरतात. केसांतलं तेल दोनदा शाम्पू लावल्याशिवाय जात नाही, त्यामुळे त्या दिवशी कुठे जायचं ठेवू नका. यजमानांना पाय आणि पाठ, अर्धा तास पुरे. निघायच्या दिवशी काही नको, कारण तेल-वाफ घेऊन उन्हात प्रवास केला की डोकं धरतं. उरलेल्या तीन ट्रीटमेंटच्या बदल्यात रात्रीचं जेवण खोलीत किंवा खोली सोडायला दोन तास उशीर मिळतो का, ते विचारा. बुफेची रांग लावू नका. टेबलावर वाढतील का, तव्यावरची गरम पोळी मिळेल का, हे आधी फोनवर ठरवा. तुम्हाला हवं आहे ते हेच आहे आणि ते मागायला लाजू नका. मेमध्ये बुफेत आमरस असतोच. घ्यायचा तर वाटीभर, आणि त्या वेळी एक पोळी कमी.

प्रवास रेल्वेने करा. भुसावळ ते नाशिकरोड सुमारे २५५ किलोमीटर, चार तासांच्या आसपास. यजमानांचा पास आहेच. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि उन्हाळ्यात लगेच भरतं, तेव्हा तारीख बदलायचा फोन आजच करा. पहाटेची गाडी घ्या, ऊन चढायच्या आत पोचाल. गोळ्या आणि ग्लुकोमीटर हातातल्या पर्समध्ये.

यजमानांचं एसीचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. ५२ हजारांत दीड टनाचा एसी खरंच येतो आणि तो सासूबाईंच्या खोलीत लावला, तर आठ-दहा उन्हाळे उपयोगी पडेल. पण मुलांनी तुम्हाला पैसे दिलेले नाहीत, तीन दिवस दिलेत. भेट मोडून वस्तू घेतली, तर ती घराची होते, आणि घराची प्रत्येक गोष्ट पुसायला-सांभाळायला तुम्हीच असता. एसी हवाच असेल, तर दिवाळीत घ्या, उन्हाळ्यापेक्षा स्वस्त मिळतो.

याच पेचात असलेल्या, पण एवढे पैसे नसलेल्या वाचकांना: स्पा नको, फक्त पाणी आणि गारवा हवा असेल, तर तोरणमाळ आपल्याच खानदेशात आहे. अकराशे मीटरहून उंच, मधोमध यशवंत तलाव, आणि रात्री खरोखर गार. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. शहाद्याहून घाटाने वर जायचं, आणि घाट दिवसाउजेडीच चढायचा. पेट्रोल, औषधं आणि रोख रक्कम शहाद्यालाच घ्यावी. वर दुकानं मोजकी आहेत आणि फोनला रेंज मिळेलच असं नाही. चोपड्याकडचे उनपदेवचे गरम पाण्याचे झरे मात्र थंडीसाठी राखून ठेवा. तेल घरी लावायचं, तर ५० ते ६० मिलिलिटर खोबरेल वाटीत घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवा, तेल थेट गॅसवर तापवू नका. पंधरा-वीस मिनिटं चोळून वीस मिनिटं मुरू द्या, मग मसुराचं पीठ लावून कोमट पाण्याने अंघोळ. हे सकाळी आठच्या आत उरका, आणि न्हाणीघरात जायच्या आधी तळवे पुसा.